वर्दी उतरवून मत मागायला निघालेल्या पोलिसासाठी

"पोलिसदादा, आते काठी कोठे ठी उनात?"

प्रचाराच्या पहिल्याच दिवशी खालच्या आळीतल्या एका म्हातारीने मला हे विचारलं. आता काठी कुठे ठेवून आलात? ओट्यावर बसलेले सगळे हसले, मीही हसलो. रात्री जेवताना मात्र कळण्याची भाकरी आणि भरीत समोर असूनही घास उतरेना. तेहतीस वर्षं धुळे जिल्ह्यात नोकरी केली, शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि गावाने लक्षात काय ठेवलं तर काठी.

हे लिहिणं खाकीतल्या भाऊबंदांसाठी आहे. हवालदार असो, फौजदार असो, नाहीतर मोठे साहेब असोत, ज्याच्या डोक्यात "निवृत्त झालो की उभं राहायचं" हा किडा वळवळतोय त्याने वाचावं. मी दोनदा उभा राहिलो. जानेवारी २०२० मध्ये पंचायत समितीच्या गणात ६१ मतांनी पडलो. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीला माझ्या वॉर्डातून आलो. गाव शिंदखेडा तालुक्यात, बुराई नदीच्या काठी. म्हणजे मी काही मोठा पुढारी नाही. पण पडायचं कसं आणि यायचं कसं, दोन्ही मला ठाऊक आहे, आणि सांगणारे बहुतेक जण यातलं एकच सांगतात.

विलायतेतला रस्ता आणि आपला रस्ता

पडल्यावर आठवडाभर मी घराबाहेर निघालो नाही. भाचा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो, त्याने फोन केला. "मामा, तुम्ही चुकीच्या देशात पोलीस झालात. तिकडे कमिशनर रिटायर झाला की थेट लॉर्ड होतो." मला वाटलं थट्टा करतोय. त्याने वाचून दाखवलं, मग मीही वाचत गेलो. धुळ्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात काही वर्षं मी पोरांना शिकवायला होतो, त्यामुळे रॉबर्ट पील आणि १८२९ सालचे लंडनचे पोलीस एवढं पाठ होतं. त्यापुढचं नव्हतं.

हिशेब असा आहे. १९८७ ते २०१७ या तीस वर्षांत लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांना सहा कमिशनर झाले. इम्बर्ट, काँडन, स्टीव्हन्स, ब्लेअर, स्टीफन्सन आणि होगन-हाऊ. त्यातले स्टीफन्सन सोडले तर पाचही जण हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात जाऊन बसले. तिथे जनता मत देऊन कोणाला पाठवत नाही. १९५८ च्या कायद्याने तहहयात लॉर्ड नेमायची पद्धत सुरू झाली, त्या वाटेने हे गेले. बहुतेकांना पगार नाही, हजेरीचा भत्ता मिळतो. आणि हे पाचही साहेब कुठल्या पक्षाच्या बाकावर बसले नाहीत. 'क्रॉसबेंच' म्हणून बिनपक्षाचे बाक असतात, तिथे बसले.

यातले काँडन आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांना ठाऊक असायला हवेत. २००० साली दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं फोनवरचं बोलणं पकडलं आणि सामने ठरवून हरण्याचं प्रकरण फुटलं. त्यानंतर आयसीसीने भ्रष्टाचारविरोधी पथक उभं केलं, त्याचे प्रमुख हेच काँडन. दिल्लीच्या पोलिसांनी धागा पकडला आणि पथक चालवायला लंडनचे साहेब आले. मला तेव्हाही जरा झोंबलं होतं, आजही झोंबतं.

तर भाच्याला मी म्हटलं, असा रस्ता आपल्याकडे आहे का? आहे, पण बोळ आहे. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा, त्यातल्या १२ राज्यपालांच्या नेमणुकीच्या. त्या साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यातल्या माणसांसाठी. सहायक फौजदाराने तिकडे बघत बसायचं नसतं. आपल्याला मताचाच रस्ता. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनीही २०१४ मध्ये नोकरी सोडून उत्तर प्रदेशातल्या बागपतला जाऊन लोकसभेची मतंच मागितली, आणि निवडून आले.

विलायतेतही एकजण मताच्या रस्त्याने गेला, आणि मला त्या पाचांपेक्षा तोच जवळचा वाटतो. ब्रायन पॅडिक. १९७६ ला भरती. १९८१ ला लंडनच्या ब्रिक्स्टन भागात मोठी दंगल झाली तेव्हा तिथे सार्जंट. वीस वर्षांनी त्याच भागाचा प्रमुख अधिकारी. तिथे त्याने गांजाची पुडी बाळगणाऱ्या किरकोळ माणसाला अटक करण्याऐवजी समज देऊन सोडायचा प्रयोग केला, त्यावर केवढा गदारोळ झाला. २००७ ला डेप्युटी असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाला आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षातर्फे २००८ ला लंडनच्या महापौरपदाला उभा राहिला. तिसरा आला. २०१२ ला परत उभा राहिला, चौथा आला. शेवटी २०१३ ला पक्षाच्या शिफारशीने लॉर्ड झाला. तिकडे लॉर्डच्या नावाला गाव जोडायची रीत आहे. स्टीव्हन्स यांनी नॉर्थंबरलंडमधलं एक खेडं जोडलं. पॅडिकने जोडलं ब्रिक्स्टन.

हे वाचून मी भाच्याला म्हटलं, या माणसाचं कुठे चुकलं ते मला कळलं. याची ओळख एका बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत होती आणि हा उभा राहिला सगळ्या शहरात. मीही तेच केलं होतं. गणातली गावं होती सात, आणि मला माणूस म्हणून ओळखणारी दोन. बाकी पाच गावांत मी नुसता "तो पोलीस" होतो. तेव्हा पहिली गोष्ट ही. जिथे लोक तुम्हाला वर्दीशिवाय ओळखतात, तेवढ्याच जागेवर उभे राहा. तालुक्याची हौस असेल तर आधी वॉर्ड.

कागद, आणि त्याची दुसरी प्रत

नोकरीत असताना काहीही करायचं नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ५ एकदा शांतपणे वाचा. पक्षाचं सभासदत्व नाही, प्रचार नाही, कोणाच्या मंचावर बसणं नाही. वाढदिवसाला पुढाऱ्याचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवणारे आपले बरेच शूर वीर आहेत. कोणी स्क्रीनशॉट काढून अर्ज केला की मग साहेबांपुढे लेखी खुलासा देत बसा.

वय पूर्ण करून अठ्ठावन्नला बाहेर पडणं सगळ्यात बिनधोक. मी तसंच केलं. ज्याला घाई आहे त्याने राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यातला फरक नीट समजून घ्यावा, कारण इथे घरं बुडतात. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं सेवा लागते, तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि निवृत्तिवेतन मिळतं. राजीनामा दिला की मागची सेवा गेली, तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही. तावातावाने "मी राजीनामा फेकून येतो" म्हणणारा माणूस म्हातारपणीची भाकर फेकून येत असतो. दोन्हींत, अर्ज दिला म्हणजे काम झालं असं नाही, मंजुरीचा आदेश हातात पाहिजे. विधानसभा-लोकसभेला छाननीच्या दिवशी तुम्ही सरकारी नोकर असता कामा नये. २०२४ च्या लोकसभेला आपल्या धुळ्यातच एका माजी आयपीएस अधिकाऱ्याचा अर्ज छाननीत बाद झाला, आणि वाद नोकरीतून सुटल्याच्या कागदाचाच होता. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं असं होतं, तर तुमचं-माझं काय.

खात्यातून बडतर्फ झालेल्याचं आणखी वेगळं आहे. भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी या कारणाने बडतर्फी असेल तर पाच वर्षं उभं राहता येत नाही. दुसऱ्या कारणाने असेल तरी त्या पाच वर्षांत निवडणूक आयोगाचं तसं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावं लागतं.

मतदार यादी हा पोलिसाचा खास आजार. आपण आयुष्यभर लाईनीत राहतो, बदल्या होतात, नाव कुठेतरी पोलीस वसाहतीच्या यादीत पडून असतं. ग्रामपंचायतीला त्या गावचा मतदार असल्याशिवाय उभं राहता येत नाही. नमुना ८ भरून नाव गावी आणायचं, आणि हे निवडणूक लागल्यावर नाही, वर्षभर आधी. मी माझं नाव आणलं आणि घरच्यांचं आणायचं विसरलो. पहिल्या निवडणुकीत माझ्या स्वतःच्या बायकोला मला मत देता आलं नाही. ६१ ने पडलो म्हणून ठीक, एकाने पडलो असतो तर घरात राहणं मुश्कील होतं.

राखीव जागेवर लढणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राची फाईल आजच टाका. निवडून आल्यावर मुदतीत दिलं नाही की पद जातं, आणि अशी गेलेली पदं मी तालुक्यात बघितली आहेत. खान्देशातल्या २० विधानसभा जागांपैकी ८ राखीव आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही, शिवाय साक्री, शिरपूर, चोपडा या अनुसूचित जमातीसाठी आणि भुसावळ अनुसूचित जातीसाठी. खालच्या निवडणुकांत तर दर वेळी सोडत निघते. सोडत निघायच्या आधी बॅनर छापू नका. आमच्या शेजारच्या गावात एकाने छापले, जागा महिलांसाठी निघाली, मग त्याच बॅनरवर त्याने बायकोचा फोटो चिकटवला. 'कार्यसम्राट' तसंच राहिलं. आणि दोन मुलांची अट विसरू नका. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद बंद. विधानसभेला ही अट नाही. कायदा करणाऱ्यांनी स्वतःला वगळलं, यावर मी काही बोलत नाही.

शपथपत्रात प्रत्येक खटला लिहा. आपल्यावर खाजगी फिर्यादी असतातच. आरोपीच्या वकिलाने मारहाणीची तक्रार केलेली असते, आपण विसरलेलो असतो, विरोधक विसरत नाही.

या सगळ्या कागदांच्या दोन प्रती करा आणि दोन घरांत ठेवा. हे मी स्टीव्हन्स साहेबांकडून शिकलो. उत्तर आयर्लंडमध्ये पोलीस आणि लष्करातली काही माणसं हत्यारबंद टोळ्यांशी मिळालेली आहेत का, याचा तपास १९८९ पासून त्यांच्याकडे होता. जानेवारी १९९० मध्ये एका रात्री त्यांचं तपासाचं ऑफिसच जळालं. कागद वाचले ते नकला इंग्लंडात ठेवल्या होत्या म्हणून. तो माणूस पुढे कमिशनर झाला आणि २००३ ला त्याने त्या तपासाचा तिसरा अहवाल दिला. आपल्या गावात कोणी घर जाळणार नाही, पण उंदीर आहेत, गळकं छप्पर आहे, आणि तहसीलमध्ये "तुमचा कागद आलाच नाही" म्हणणारा कोणीतरी कायम असतो.

ज्याला मारलं त्याच्याकडे आधी

आता खरं काम. याला मी जास्त जागा देणार आहे, कारण बाकीचं सगळं कुठल्याही उमेदवाराला लागतं, हे फक्त पोलिसाला लागतं.

पडल्यानंतर मी माळ्यावरची पेटी खाली काढली. नोकरीतल्या खिशातल्या डायऱ्या मी सांभाळून ठेवल्या होत्या, एकोणीस भरल्या. त्यातून आमच्या गावची आणि आसपासची नावं एका वहीत उतरवली. वॉरंट बजावलेलं, चॅप्टर केस म्हणजे शांततेची हमी लिहून घ्यायची कारवाई केलेली, दारूच्या धाडीत सापडलेला, भावकीच्या बांधाच्या भांडणात ठाण्यावर बोलावलेला. आणि जे डायरीत कधीच लिहिलं जात नाही ते मी आठवून लिहिलं, कोणाला हात लावला होता. २१२ नावं झाली. घरच्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, "हाई तं तुमनी मतदार यादी शे."

तसंच होतं. इतर उमेदवार आधी आपल्या माणसांकडे जातो. पोलिसाने आधी या वहीतल्या माणसांकडे जायचं. एकट्याने, संध्याकाळी, फटफटी लांब लावून. सोबत कार्यकर्ता नको, हातात पत्रक नको, आणि पहिल्या भेटीत मताचं नावही काढायचं नाही.

काय बोलायचं? मला आधी कळत नव्हतं. पहिल्या चार-पाच घरी मी सांगत बसलो की वरून आदेश होता, माझा नाइलाज होता. लोक ऐकून घेत आणि दाराकडे बघत. मग मी ते बंद केलं.

एक माणूस सांगतो. १९९८ साली विहिरीवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. संशयावरून एका पोराला मी बसस्टँडवर, चार लोकांदेखत, दोन कानाखाली मारल्या. महिन्याभराने खरे चोर दुसरेच निघाले. ते पोर आता चाळिशीचा बाप्या आहे, दोन एकर कापूस आहे, भाड्याचा ट्रॅक्टर चालवतो. मी गेलो तेव्हा तो खळ्यात होता. त्याने खाट टाकली, आतून चहा आला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, "तुमले याद शे का?" मी म्हटलं, "शे. चूक मनी व्हती." बस, एवढंच. त्याने मान हलवली नाही, हसला नाही, मला फाट्यापर्यंत सोडायलाही आला नाही. हा माणूस पुढे परत येईल.

दारूवाल्या वस्तीत वेगळंच झालं. माझी समजूत अशी की हातभट्ट्या फोडल्या म्हणून बायका खूश असतील. अर्ध्या होत्याच. पण जिची भट्टी मी फोडली होती ती विधवा बाई म्हणाली, "मटकं फोडं तुमीन, धंदा कोनता दिधा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. तिच्या पोरीच्या निराधार योजनेच्या कागदासाठी मी तहसीलला पाच चकरा मारल्या, तेवढं केलं.

आणि ज्यांचं काम केलं त्यांच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. प्रत्येक एनसीला, म्हणजे अदखलपात्र तक्रारीला, एक अर्जदार असतो आणि एक गैरअर्जदार. अर्जदार म्हणतो, पोलिसाचं कामच होतं ते. गैरअर्जदाराची अख्खी भावकी मात्र दहा वर्षं लक्षात ठेवते. बांधाच्या एका भांडणात मी धाकट्या भावाची बाजू खरी धरली, धाकट्याकडे मतं चार, थोरल्याकडे बावीस. पोलीस म्हणून बरोबर केलं, उमेदवार म्हणून कंबर मोडली. परत तीच वेळ आली तर तेच करीन, पण बावीस गेले हे धरूनच आकडे मांडीन.

वेळ कधीची धरायची तेही सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, घरात माणूस मऊ असतो. कानबाईच्या रोटाला बोलावलं तर जाच. पेरणीत आणि कापूस वेचणीत कोणाच्या दारात उभं राहू नका, शिव्या खाल.

इथे एक जुनी गोष्ट आठवते, आणि ती आपल्याच मुलखातली आहे. १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला खान्देशात भिल्लांची पलटण उभी करायला सांगितलं, धरणगावला त्याचं ठाणं होतं. लंडनचे पोलीस १८२९ चे, म्हणजे आपली भिल्ल पलटण चार वर्षांनी थोरली. तर या औट्रमने ज्या भिल्लांशी लढाया केल्या त्यांच्यातच जाऊन तो राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, आणि त्यातूनच भरती केली. तो कंपनी सरकारचा चाकर होता, त्याला हार घालायचं काही कारण नाही. पण ज्याच्याशी झुंजला त्याच्या झोपडीत आधी गेला, ही अक्कल त्याला होती.

जुनं प्रकरण प्रचारात निघतंच. काँडन कमिशनर असताना स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाच्या खुनाच्या तपासावर १९९९ साली मॅकफर्सन अहवाल आला. त्याने लंडन पोलीस खात्यातच वंशभेद मुरलेला आहे असं ठरवलं. ब्लेअर यांच्या काळात, २२ जुलै २००५ ला, पोलिसांनी बॉम्बवाला समजून एका निरपराध ब्राझिली तरुणाला भुयारी रेल्वेत गोळ्या घातल्या. खात्याला कोर्टाने १,७५,००० पौंड दंड केला. दोघेही पुढे लॉर्ड झाले. त्यांना त्या मुलांच्या घरच्यांकडे मत मागायला जावं लागलं नाही. तुम्हाला जावं लागेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा, आणि ते वकिलाने लिहून दिलेलं नसावं.

जीभ

माझं पहिलं भाषण मारुतीच्या पारावर झालं. मी सुरुवात केली, "सदर गावातील समस्त नागरिकांना कळविण्यात येते की..." पुढे "उपरोक्त समस्या" आणि "इसम" सुद्धा आले. घरी आल्यावर घरच्या म्हणाल्या, "तुमी भाषण नही, पंचनामा करी राहिनात."

त्यानंतर मी ओसरीवर त्यांच्यासमोर सराव केला. लाजू नका, करा. "ए, इकडे ये" बंद. "हां, बोल" बंद. "काल रात्री कुठे होता?" हे तर सहज चौकशी म्हणूनही विचारू नका, समोरचा घाबरून खोटंच सांगतो. प्रत्येकाला नातं लावून हाक मारायची, आबा, नाना, बापू, अक्का, माय. खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसायचं. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोलायचं. मला येत होती, नोकरीत मी ती ठाण्याच्या बाहेर ठेवली होती. आणि हात मागे बांधून उभं राहायची सवय सोडा, आरामच्या पवित्र्यात उभा राहिलेला उमेदवार फार भीतीदायक दिसतो.

पैसा आणि मतदानाचा दिवस

यात आपण बरे असतो. विधानसभेला अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला ५,०००. एक षष्ठांशाहून कमी मतं पडली की ती जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख. पक्षाचं तिकीट असेल तर ए आणि बी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचे कागद, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. अपक्ष असाल तर दहा सूचक लागतात, बारा न्या, ऐनवेळी दोघांच्या म्हशी व्यायला झालेल्या असतात. रोजचा खर्च रोज लिहायचा, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. स्टेशन डायरी लिहिलेल्या माणसाला हे कठीण नाही. पहिल्या निवडणुकीत आमच्या गणातल्या सगळ्यांत नीटनेटका हिशेब माझा होता. पडलेल्या उमेदवाराचा हिशेब कोण बघतो म्हणा.

बंदोबस्ताला आपलीच पोरं येतात. त्यांच्याकडून काही करून घ्यायचं नाही, पाणीही आपल्या हाताने पिऊ घालायचं नाही, त्यांची नोकरी अडचणीत येते. दुसऱ्या वेळी मतदानाच्या आठ दिवस आधी ठाण्याचा एक नवा शिपाई माझ्याकडे आला, खूप अवघडलेला. हातात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस होती, शांतता भंग कराल तर जबाबदार धरू वगैरे. सगळ्या उमेदवारांना देतात. अशा नोटिसा मी आयुष्यात हजारभर बजावल्या असतील, हाताच्या पंजाने दार वाजवून. आता तेच कलम नव्या संहितेत १६८ झालं आहे. मी वाचली, जावक क्रमांक टाकायचा राहिला होता तो त्याला दाखवला, सही केली. तो गेल्यावर तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसलो. दाराच्या या बाजूने ती नोटीस कशी दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

निवडून आल्यावर

लॉर्ड्समध्ये गेलेल्या या साहेबांचं काम काय, तर खालच्या सभागृहातून आलेलं विधेयक कलमाकलमाने वाचायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, सरकारला प्रश्न विचारायचे. पॅडिकने पोलीस आणि गृहखात्याच्या विषयांवर आपल्या पक्षाकडून हेच केलं. ज्याने कायदा रस्त्यावर वापरला आहे त्याला कुठलं कलम कुठे उलटं फिरतं ते दिसतं. ग्रामपंचायतीत कलमं नसतात, बिलं असतात. पण वाचायची सवय तीच. पहिल्या मासिक सभेत मी ठराववही मागितली, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी मागत नव्हतं. पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती एका वर्षात चार वेळा दाखवली होती. चौकशीला बसल्यासारखं मी एकेकाला विचारायला लागलो आणि ग्रामसेवक घामाघूम झाला. ते चुकलं. सदस्याने तपासी अंमलदार व्हायचं नसतं. प्रश्न लेखी द्यायचा, उत्तर लेखी घ्यायचं, आणि ते ग्रामसभेत वाचायचं. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, त्यातली एकही बुडू दिली नाही तर निम्मं काम होतं.

त्या मोटारीच्या बिलाची ग्रामसभा मला आठवते. शाळेच्या पटांगणात सतरंज्या होत्या. मागच्या रांगेतून एकजण उठला. तोच, बसस्टँडवाला. २०२० ला त्याने मला मत दिलं नव्हतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. २०२१ चं मी विचारलं नाही. तो म्हणाला, "मोटार चार दाव दुरुस्त व्हयनी म्हनतस. जुना पार्ट कोठे शेतस?"

सगळं पटांगण गप्प. मोटारीचा विषय, विचारणारा तो, आणि उत्तर देणारा मी. बिलांच्या दोन प्रती माझ्या पिशवीत होत्या. एक मी त्याच्याकडे पाठवली. त्याने ती उजेडाकडे धरून शेवटपर्यंत वाचली, आकडे बोटांवर मोजले, घडी करून खिशात ठेवली.

"बठा आते," तो मला म्हणाला.

मी बसलो.